खदानीच्या सांडव्यावरची ताटी

माझं काम काय, असं कोणी विचारलं की मी सांगते, एका खड्ड्याची राखण करते. माणूस हसतो. मग मी सांगते की खड्डा एवढा खोल आहे की आमचं गाव देवळाच्या कळसासकट त्यात उभं मावेल, तो पाण्यानं भरलेला आहे, आणि ते पाणी आणि गाव यांच्यामध्ये मुरमाची एक पाळ आहे. मग तो हसत नाही.

अशा आठवणी बहुतेक निवृत्त माणसं लिहितात. मी निवृत्त नाही, अजून तिशीही गाठलेली नाही. पण माझी नोकरी अशी की दर ग्रामसभेत कोणीतरी उठून मला काढून टाकायची सूचना मांडतं आणि कोणीतरी अनुमोदन देतं. तेव्हा आठवणी हातात काम आहे तोवर लिहिलेल्या बऱ्या.

तुमसर तालुक्यात आंबागडच्या डोंगराकडे निघालं की मॅंगनीजच्या खाणी लागतात. आमच्याकडे खाण कोणी म्हणत नाही, खदान म्हणतात. आमच्या गावची खदान बंद पडली. गावाचं नाव लिहीत नाही आणि माणसांची नावंही बदलली आहेत, कारण मी ज्यांच्याविषयी लिहिते आहे त्यांना त्याच गावात राहायचं आहे. खदान चालू होती तेव्हा कंपनीनं डोंगरातून येणारा नाला वळवला. खालच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, कोरड्या पडल्या. पावसाळ्यात जे पाणी यायचं ते काळं यायचं. माल संपला तशी कंपनी निघाली. जाताना जमीन पहिल्यासारखी करून द्यायची असा नियम आहे. पहिल्यासारखी म्हणजे काय, तर उपसलेल्या मातीच्या डोंगरावर झाडं लावली, खड्ड्याला तारेचं कुंपण केलं आणि फाटकावर 'पुनर्स्थापित क्षेत्र' अशी पाटी ठोकली. जोडाक्षरं मात्र बरोबर होती.

मी तेव्हा तुमसरला कॉलेजात होते आणि अर्धा वेळ झेरॉक्सच्या दुकानात काम करत होते. मालक चांगला होता, बिघडलेल्या प्रतींचे कागद मला देऊन टाकायचा. त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर मी पत्रकं काढायला लागले. 'पाणी कोणाच्या बापाचं?' हे पहिलं. 'काळं पाणी पिऊन दाखवा, मग बोला' हे दुसरं. लिहायला मी तिथेच शिकले. वाक्य लहान, दुसऱ्या ओळीत दोषी कोण ते, शेवटी मागणी. आजही मला याच्यापलीकडे लिहिता येत नाही.

लोकांच्या रेट्यामुळे म्हणा किंवा वरून कागद आला म्हणून म्हणा, शेवटी एक देखरेख समिती झाली. शेतकरी, ढिवरटोलीतली, म्हणजे कोळ्यांच्या वस्तीतली, मच्छीमार संस्था, ग्रामपंचायत आणि कंपनीचा एक माणूस. पाण्याचं रोजचं काम पाहायला कोणीतरी पगारी माणूस हवा होता. ग्रामसभेत नाव सुचवा म्हटल्यावर मागून एक म्हातारा म्हणाला, "जे बोंबलते तिलेच द्या ना. चुप तरी बसन." अशी माझी नेमणूक झाली. चूप मात्र मी बसले नाही.

काम सांगायला सोपं आहे. खदान म्हणजे आता एक तळं. बाजूला मातीचा डोंगर, त्याला सगळे डम्प म्हणतात. पाऊस पडला की डम्पवरचं पाणी त्याच्या पायथ्याच्या चरातून खदानीत येतं. खदानीची गावाकडची कड सखल आहे, तिथे पाळ बांधलेली. पाळीत खाली एक तुडुम, म्हणजे पाणी सोडायचं दार. पाळीच्या टोकाला सांडवा, जास्तीचं पाणी आपोआप छोट्या नाल्यानं खालच्या बांध्यांत निघून जायला. खडकावर एक लाल रेघ मारली आहे. रेघेच्या वरचं पाणी शेतकऱ्यांचं, धानाला लागेल तसं सोडायचं. रेघेच्या खालचं गुराढोरांचं आणि माशांचं, त्याला हात लावायचा नाही. एवढाच करार. त्या रेघेवरून जेवढ्या शिव्या मी खाल्ल्या तेवढ्या कंपनीच्या माणसानंही खाल्ल्या नसतील.

आणि गिऱ्हाईकं कशी कशी येतात. खदानीचं पाणी उन्हात निळंहिरवं दिसतं, त्यामुळे लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात. एका फोटोग्राफरनं मला पाणी जरा खाली करून द्यायला सांगितलं, खडक चांगला दिसेल म्हणून. भंडाऱ्याहून एक गृहस्थ कॅन घेऊन आला, मॅंगनीजचं पाणी आहे म्हणजे ताकदीचं असणार, विकायला परवानगी द्या. कंपनीच्या मोठ्या साहेबानं इथे बोटिंग का नाही असं विचारलं. मी विचारलं, बोटीत बसणार कोण? त्यानं वहीत लिहिलं, स्थानिकांचा विरोध. हसण्यासारखं एवढंच. बाकी काम हसण्यासारखं नाही, आणि ज्या दिवसाबद्दल लिहायला बसले तो तर नाहीच.

त्याआधी दोन गोष्टी बाहेरच्यांना सांगितल्या पाहिजेत.

एक म्हणजे आमच्याकडे धानाला पाणी कसं जातं. प्रत्येकाच्या शेताला वेगळा पाट नसतो. वरच्या बांधीतून खालच्या बांधीत, तिथून तिच्या खालच्या बांधीत, असं पाणी उतरत जातं. प्रत्येक धुऱ्याला, म्हणजे बांधाला, एक तोंड ठेवलेलं असतं. त्या तोंडाशी शेतकरी बांबूच्या कामट्यांचा सापळा लावतात, आणि पाण्याबरोबर आलेला मासा त्यात अडकतो. रिवाज असा की मासा बांधीत आला की बांधीवाल्याचा. तो आला कुठून, वाढवला कोणी, हे कोणी विचारत नाही.

दुसरी गोष्ट ढिवरांची. तळं भरून सांडव्यावरून वाहायला लागलं की मासे पाण्याबरोबर पळतात. म्हणून ढिवर लोक सांडव्याच्या तोंडाशी बांबूची ताटी बांधतात. पाणी जातं, मासा राहतो. गावतलावावर पिढ्यान् पिढ्या ही ताटी बांधत आले. खदानीत संस्थेनं रोहू-कतल्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडली तेव्हा त्यांनी इथेही तशीच बांधली. कोणाला त्यात वावगं वाटलं नाही, मलाही नाही. पण गावतलावात वाहून येतो तो पालापाचोळा. खदानीला डम्प आहे. आणि त्या डम्पच्या उतारावर त्याच उन्हाळ्यात कंपनीच्या ठेकेदारानं काथ्याच्या चटया अंथरल्या होत्या, माती धरून ठेवायला आणि गवत उगवायला. मी समितीत म्हटलं होतं की खुंट्या बोटभर आहेत, पावसात उपटतील. ठेकेदार म्हणाला, मॅडम, डिझाइन वरून आलं आहे.

श्रावण होता. रोवणे, म्हणजे धानाची लावणी, आटोपत आले होते. पावसानं दोन दिवस दम घेतला नव्हता, आणि सकाळी मी पाळीवर गेले तर लाल रेघ दिसेना. तुडुम आदल्या दिवशीच पूर्ण उघडून ठेवलं होतं, त्यातून जेवढं जायचं तेवढं जातच होतं. बाकीचं सांडव्यावरून जायला हवं होतं. सांडव्यावरून पाटाच्या पाण्याएवढंही जात नव्हतं. ताटीला काथ्याच्या चटया गुंडाळल्या होत्या, एकावर एक, चिखलानं जड झालेल्या. डम्पचा अर्धा उतार उघडा पडला होता आणि चरातून आणखी चटया तरंगत येत होत्या.

ढिवरटोलीतले दोन गडी आधीच पाण्यात उतरून त्या ओढत होते. एक ओढून काढली की तिच्या जागी दोन यायच्या. एका गड्याचा पाय चटई आणि ताटीच्या मध्ये दाबला गेला, त्याला वर घेता घेता सगळ्यांची तारांबळ उडाली. त्यानंतर मी कोणालाच उतरू दिलं नाही.

मग मी पाळीच्या बाहेरच्या अंगाला उतरले. माझ्या कामात सगळ्यात महत्त्वाचं पाहणं ते हे. पाळ थोडी झिरपतेच. झिरपा नितळ असेल तर घरी जाऊन चहा प्यावा. गढूळ असेल तर पाणी आतून माती खाऊन राहिलं आहे. तुडुमापासून सांडव्याकडे चालत गेलं की पाळीला एक वळण आहे, त्या वळणाखाली पाणी येत होतं. ओंजळीत धरलं. नितळ होतं. थोड्या वेळानं परत धरलं, तर तळहाताच्या रेषा दिसेनात.

कंपनीच्या माणसाला फोन लावला. तो नागपूरला होता. फोटो पाठवा, पाहतो, म्हणाला. जेसीबीवाल्याला लावला, सांडव्याच्या बाजूनं वेगळी वाट काढता आली असती. रस्त्यातल्या रपट्यावरून कमरेएवढं पाणी आहे, तो म्हणाला, तुमीच इकडे या. म्हणजे जे करायचं ते आम्हीच करायचं होतं, आणि करण्यासारखं एकच होतं. ताटी काढायची. ताटी निघाली की चटया निघून जातील, पाणी उतरेल, पाळ वाचेल. आणि संस्थेचे मासे जातील. मागच्या वर्षीची बोटुकली आता चांगली वीतभर झाली होती. ढिवरटोलीचं वर्ष त्याच्यावर होतं.

मी वर आले तोवर दोन्हीकडची माणसं जमली होती. सांडव्यापाशी ढिवरटोली, पाळीच्या वळणावर शेतकरी. शेतकऱ्यांच्या हातात विळे होते. रोवण्याच्या दिवसांत विळा हातात असतोच, पण त्या सकाळी तो कशासाठी होता हे सगळ्यांना कळत होतं.

रत्नामावशी ताटीच्या आडव्या लाकडावर बसल्या होत्या. संस्थेच्या अध्यक्ष. पन्नाशीच्या, उंच, आवाज कधी वर न जाणारा. पाय पाण्यात, लुगडं गुडघ्यापर्यंत वर खोचलेलं. मी म्हटलं, मावशी, ताटी काढा लागते, पाळ गढूळ पाणी सोडून राहिली.

"काढ ना," त्या म्हणाल्या. "आधी मले काढ."

मला राग आला. माझा राग लवकर येतो हे मी लपवत नाही. मी त्यांना सांगितलं की पाळ फुटली तर मासे तसेही जातील, आणि बरोबर खालची माणसं जातील. त्यांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी मला खदान चालू होती तेव्हाची गोष्ट सांगितली. मी शाळेत होते तेव्हाची. काळं पाणी गावतलावात उतरलं होतं आणि मासे पोटं वर करून तरंगले होते. टोलीतली माणसं शेतकऱ्यांकडे गेली, म्हणाली, मिळून तक्रार करू. शेतकरी म्हणाले होते, आमचा यंदाचा धान वाचला ना, मासे काय, पुन्हा होतील. हे मला नवीन होतं. माझ्या पत्रकांत कायम 'शेतकरी आणि मच्छीमार' असं एका दमात यायचं, जणू एकाच घरातले दोन भाऊ.

"वाहून गेले तर नशीब म्हनीन, पोरी," रत्नामावशी शेतकऱ्यांकडे बोट करून म्हणाल्या. "पन वाहून कोठी जातेत ते? यायच्या बांधीत. बांधीत गेला का यायचा. म्हनजे ताटी मी सोडायची, अन् जेवन यायनं जेवाचं."

ते खरं होतं.

माझ्या हातातही विळा होता आणि समितीच्या ठरावात मला अधिकारही होता, धोका दिसल्यास अडथळा हटवावा. ताटी बांधलेली असते वेलाच्या दोरानं. चार घाव पुरे. आजही लोक विचारतात, मारले का नाहीत? पाणी जोरानं एकदाच सोडता येतं. पुढच्या वर्षी ताटी लोखंडाची असेल, तिला कुलूप असेल, आणि पाळ झिरपते हे सांगायला ढिवरटोलीतून कोणी माझ्याकडे येणार नाही. पाळीवर दिवसभर डोळा असतो तो त्यांचाच. माझा पगार जिथून यायचा तिथून येवो, माझी नोकरी त्यांच्या डोळ्यांवर चालते. या सगळ्याचा मी तेव्हा असा मुद्देसूद विचार केला नव्हता. तेव्हा मला फक्त एवढं कळलं की या बाईवर विळा घेऊन जाणं माझ्याच्यानं होणार नाही.

मी पाळीवरून शेतकऱ्यांकडे गेले. पुढे तुळशीरामजी उभे होते. खदानीखालची पहिली बांधी त्यांची. नाला वळवला तेव्हापासून त्यांच्या शेतात धान नीट झालाच नव्हता. आदल्या वर्षी पहिल्यांदा कोठी भरली. त्यांच्या पुतण्यानं मला येताना पाहिलं आणि म्हणाला, "काय पत्रकवाली बाई, कापा ना आता. पत्रकात तर लय कापत होत्या." बाकीचे हसले. भीतीनं माणसं हसतात तसं.

मी तुळशीरामजींना म्हटलं, काकाजी, ताटी निघते, पण मासे तुमच्या बांधीत येतील ते ढिवरटोलीचे. सापळे काढा आणि त्यांच्या बायांना बांधीत उतरून मासे धरू द्या.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांची बैलजोडीच मागितली.

"रोवना कालचा हाय, पोरी," ते म्हणाले. "मूळ धरलं नाई अजून. मानूस चालला का रोप वर येते. रोवलेल्या बांधीत मी माह्या पोराले पाय टाकू देत नाई."

खोटं नव्हतं तेही. ताज्या रोवण्यात कोणी उतरत नाही, हा आमच्याकडचा साधा शिस्तीचा भाग आहे. पण पाठीमागून कोणीतरी जे पुटपुटलं ते शिस्तीचं नव्हतं. आपल्या बांधीत ढिवरं फिरायची का आता, असं ते होतं. मी वळून कोण बोललं ते पाहिलं. मला माहीत आहे कोण बोललं. मी सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं की पाळ फुटली तर बांधीत तुमचा रोवणा नाही, तुमचा माणूस सापडेल, तेव्हा तो तुमच्या जातीचा माणूस काढतो की ढिवर काढतो ते पाहू. हे बोलायला नको होतं असं नंतर समितीत सगळे म्हणाले. मला अजून तसं वाटत नाही.

त्या बोलण्यानं काही झालं मात्र नाही. दोन पोरं विळे घेऊन सांडव्याकडे चालायला लागली. मी त्यांच्या पुढे जाऊन पाळीच्या मधोमध उभी राहिले. पाळ अरुंद आहे, एकावेळी एकच माणूस जाऊ शकतो. एका बाजूला भरलेली खदान, दुसऱ्या बाजूला उतार. त्यांनी मला ढकललं असतं तर मी कुठल्या बाजूला पडले असते याचा विचार मी त्या क्षणी केला, आणि उताराच्या बाजूला पाय थोडा जास्त रोवला.

तेवढ्यात माझ्या मागून रत्नामावशी आल्या. लाकडावरून उठून, ओल्या लुगड्यानिशी. मला हातानं बाजूला सारलं. विळेवाल्या पोरांकडे पाहिलंही नाही, ती आपोआप मागे सरकली. त्या थेट तुळशीरामजींपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"तुळशीरामभाऊ, कालचा रोवना कोनं लावला?"

तुळशीरामजींनी खाली आपल्या बांधीकडे पाहिलं.

"आमीच लावला. मी होती, माही सून होती, आमच्या टोलीच्या साऱ्या बाया होत्या. तुमच्याच बांधीत, दिवसभर वाकून. तवा हे पाय चालले. आज आमचाच मासा धराले येतो म्हनलं, तं पायानं रोप मरते?"

मी या कामात बरीच भाषणं ऐकली आहेत, काही स्वतः केली आहेत. एवढं लहान आणि एवढं पुरेसं भाषण मी ऐकलेलं नाही. आमच्याकडे रोवणा ढिवरटोलीच्या बाया लावतात हे त्या पाळीवरच्या प्रत्येकाला माहीत होतं, मलाही. माझी आईसुद्धा मजूर लावते त्या त्याच. मासा आणि रोवणा या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून कोणी पाहिल्या नव्हत्या, इतकंच.

खाली वळणापाशी पाळीच्या पोटातून ढेकळाएवढी माती सुटली आणि घसरत गेली. सगळ्यांनी पाहिली. तिच्या जागेतून पाणी आलं ते चहासारखं होतं.

तुळशीरामजी त्या पाण्याकडे पाहत होते. मग रत्नामावशींकडे न पाहता म्हणाले, "उलटंच चाला मंग. रोवताना चालता तसं."

बाहेरच्यांसाठी सांगते. रोवणा लावताना बाया पुढे चालत नाहीत. रोप लावत लावत मागे सरकतात, म्हणजे लावलेल्या ओळीवर पाय पडत नाही. दोन ओळींमधून पाय कसा टाकायचा हे त्यांच्या घोट्यांना ठाऊक असतं. तुळशीरामजी सांगत होते ते एवढंच. पण हो म्हणायला त्यांना हा रस्ता सापडला.

"अन् सापळे?" रत्नामावशींनी विचारलं.

"माह्या बांधीचे काढतो. दुसऱ्याचं मी नाई सांगत."

त्यांनी पुतण्याला पाठवलं. तोच, कापा म्हणणारा. तो उतरून गेला आणि वरून सगळ्यांना दिसेल असा त्यानं तोंडाशी लावलेला सापळा उपटून धुऱ्यावर फेकला. आणखी दोघंतिघं उतरले. बाकीचे उभे राहिले.

रत्नामावशी परत सांडव्याशी गेल्या. त्यांच्या माणसांनी दोर सोडले. कापले नाहीत, सोडले, बांधलेल्या क्रमाच्या उलट. आडवं लाकूड ओढलं तशी ताटी एका अंगाला वाकली आणि चटयांच्या लगद्यासकट सुटून गेली. पाण्याचा आवाजच बदलला. मासे दिसले. राखी पाण्यात मध्येच पांढरं चमकायचं आणि जायचं. टोलीतली माणसं पाहत होती, एकजण मोजायला लागला तर दुसऱ्यानं त्याला गप्प केलं. रत्नामावशी सांडव्याकडे पाठ करून उभ्या होत्या.

मी पाळीखाली जाऊन बसले. ओंजळ धरायची, पाहायची, टाकायची. तेवढंच माझं काम राहिलं होतं. पाणी बराच वेळ चहासारखंच राहिलं. मग पातळ झालं. दुपार कलली तेव्हा तळहातावरच्या रेषा दिसायला लागल्या.

कंपनीच्या माणसाचा फोन आला. फोटो पाहिले, म्हणाला, गंभीर वाटतं. पुढे त्याच्या अहवालात 'पाळ सुरक्षित, कोणतीही घटना नाही' असं आलं. चटयांचा त्यात उल्लेख नाही. ठेकेदाराला पुढचं कामही मिळालं. त्यावर मी पत्रक काढलं आहे, इथे परत लिहीत नाही.

पाऊस थांबला तशा ढिवरटोलीच्या बाया तुळशीरामजींच्या बांधीत उतरल्या. काकाजींनी खालच्या धुऱ्याचं तोंड मातीनं बंद करून ठेवलं होतं, मासा पुढच्या बांधीत जाऊ नये म्हणून. स्वतः डोक्यावर प्लास्टिकचं पोतं घेऊन धुऱ्यावर उभे होते. मला आधी वाटलं रोपांवर पहारा देताहेत. देतच होते. बाया ओळीनं वाकून, मागे सरकत, दोन्ही हात पाण्यात घालून मासे चाचपत होत्या. सापडला की पाठीवरच्या टोपलीत. आणि जिथे एखादं रोप सुटून तरंगताना दिसे तिथे ते उचलून, अंगठ्यानं परत मातीत दाबून, मग पुढचा हात माशाला. कोणी सांगितलं नव्हतं. सवयीचा हात होता.

तुळशीरामजी हे बराच वेळ पाहत राहिले. मग धुऱ्यावरून म्हणाले, "त्या कोपऱ्यात पाहा. तिथं खोल हाय, तिथंच जमा होतेत."

कोपऱ्यात खरंच होते.

इथे थांबले असते तर लेख बरा झाला असता. पण खदानीखाली एकच बांधी नाही. ज्यांनी सापळे काढले त्यातल्या काहींनी पाठ वळताच परत लावले, आणि काहींनी काढलेच नव्हते. संध्याकाळी गावातून चालत गेले तर घराघरातून फोडणीचा वास येत होता. जवस-लसणाचा, माशाच्या रश्शाचा. पाळीवर हसणाऱ्यांच्या घरून, आपल्या बांधीत ढिवरं फिरायची का म्हणणाऱ्याच्या घरून. टोलीनं टोपल्यांतून डब्यांतून नेऊन जे गावतलावात सोडलं, ते गेलेल्याच्या मानानं काहीच नव्हतं.

मी घरी जाऊन कागद काढला. शीर्षक लगेच सुचलं. दुसऱ्या ओळीत नावं, घरवार. मजकूर तयार झाल्यावर ढिवरटोलीत गेले, रत्नामावशींना वाचून दाखवायला. त्या अंगणात ताटीचे परत आणलेले बांबू धूत होत्या. सगळं ऐकून घेतलं. चांगलं लिहिलं म्हणाल्या. मग म्हणाल्या, "छापू नोको."

मी विचारलं, काहून?

"निंदन आलं का यायच्याच बांधीत जायचं हाय आमाले."

मी वाद घातला. त्यांनी घालू दिला. नंतर उरलेले बांबू धुवायला घेतले.

तो कागद मी छापला नाही. आता ताटी सांडव्याच्या तोंडाशी नसते. खाली नाल्यात रुंद जागी बांधतो, आणि वरच्या अंगाला चटया अडवायला तार लावली आहे. समितीत ठराव करून घेतला की सांडवा चालू असताना कोणत्याही बांधीत सापळा लागणार नाही. ठराव एकमतानं झाला. पाळला किती जातो ते मला विचारू नका, सापळे मोजायलाही मी पाळीवरूनच जाते.

निंदणाच्या दिवसांत मी धुऱ्यानं तुडुमाकडे चालले होते. धान हिरवागार उभा राहिला होता. रत्नामावशी आणि त्यांची सून एका बांधीत वाकून तण काढत होत्या. बांधी त्याची, जो पाळीवर पुटपुटला होता. तो धुऱ्यावर बसून बिडी ओढत होता, त्याच्याजवळ कामट्यांचा सापळा उलटा करून वाळत घातलेला. त्यानं मला रामराम केला. रत्नामावशींनी मान वर करून मला पाहिलं, सापळ्याकडे पाहिलं, आणि पुढच्या ओळीला हात घातला.